चाचांनी नाही म्हटलं तेव्हा

जालना जिल्ह्यात यंत्राची कीव करणारा एकच माणूस मला भेटला, आणि तो नेमका माझ्याच पगारावर होता. घनसावंगीच्या आसपास मी घरोघर इंटरनेट पुरवतो. शहागडच्या फाट्यावर मोबाइलची कव्हरं विकून सुरुवात केली, घासाघीस करत इथवर आलो. घेतलेली वस्तू पिळून वापरायची, हा माझा स्वभाव. आमचे नेटवर्कवाले चाचा नेमके उलटे. शेकडो घरांचं इंटरनेट ज्या डब्यातून जातं तो स्विच त्यांना घरातल्या म्हाताऱ्यासारखा वाटे. चपला बाहेर काढून त्याच्या खोलीत जात, पालथा हात लावून त्याचा ताप बघत. कुठली लाइन बंद पडली हे सांगणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट त्या स्विचमध्येच चालवता येतात. पण चाचा दोनच चालू देत. तिसरीचं नाव काढलं की स्थळ आल्यासारखी चौकशी: खाते किती, झोपते केव्हा, मेली तर एकटी मरते की घर घेऊन?

"वेगळा कॉम्प्युटर घ्या, त्याच्यावर पन्नास चालवा," ते म्हणत. "याची मेमरी थोडी हाय, सेठ. हा बिचारा सगळ्यांचं नेट पुढं ढकलून राह्यला, अन् तुमी त्याच्याकडूनच चौकीदारी बी करून घेऊन राह्यले."

कापसाची सरकी काढणाऱ्या एका मोठ्या जिनिंग कारखान्याचं काम मिळणार होतं. मॅनेजर बघायला येणार म्हणून मला भिंतीवर मोठा पडदा हवा होता, प्रत्येक लाइनचा हिरवा ठिपका दाखवणारा. त्यासाठी सात स्क्रिप्ट लागत होत्या. मॅनेजरसमोरच चाचा म्हणाले, "बिलकुल बसनार न्हाई."

माझं डोकं फिरलं. "स्विच कुणाचा, चाचा? तुमचा का माझा?"

"तुमचाच," असं म्हणून त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि निघून गेले.

पडदा लावायला जालन्याहून आणलेला माणूस तिथेच होता, त्याने साती चढवल्या. पाव तासात मेमरी भरून स्विच अडकला, सगळ्या गावांचं इंटरनेट गेलं. पडदाही तिथेच गोठला, त्यामुळे ठिपके सगळे हिरवेगार, आणि माझे दोन्ही फोन वाजतायत! मॅनेजरने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडले.

स्टँडवर आमचंच वायफाय होतं; तिथे बसची वाट बघणाऱ्या चाचांच्या मोबाइलवरचंही नेट गेलं. ते आपणहून परत आले. चपला काढल्या, पाच स्क्रिप्ट उडवल्या, स्विच सुरू केला. मला एक शब्द बोलले नाहीत. 'म्हनलो होतो ना' एवढं जरी म्हणाले असते, तरी मी भांडून मोकळा झालो असतो. ती संधीही त्यांनी दिली नाही, याचा राग मला आजही आहे.

त्यानंतर ते कामावर आलेच नाहीत, म्हणून महिन्याभराने मी टेंभुर्णीला त्यांच्या घरी गेलो. पगार वाढवतो म्हणालो, वेगळा कॉम्प्युटर घेतल्याचंही सांगितलं. चाचांनी चहा पुढे केला.

"चांगलं केलं, सेठ. पण त्या दिवशी चार लोकांत 'न्हाई' म्हनलो, ते लई जोर लावून म्हनलो. आता पुन्हा तेवढा जोर न्हाई राह्यला."

मी घासाघीस केली नाही. गाडी वळेपर्यंत ते दारात उभे होते. मी काच खाली करायला हवी होती.