अँडीजवर जीव टाकणारा माझा शेजारी

मस्कतमध्ये माबेलाहून अल् खुवैरला आम्ही रोज एकत्र ऑफिसला जातो. गाडी माझी, बडबड त्याची. हा माझा शेजारी मूळचा वसईचा, पण जीव टाकतो तो अँडीज पर्वतातल्या हमिंगबर्डांवर. त्याने एकही प्रत्यक्ष पाहिलेला नाही. "एकाचा गळा हिरवा, एकाचा निळा, एकाची छाती काळी," तो रंगात येऊन सांगतो. "रात्री थंडीत दगडासारखे गार पडतात रे. सकाळी परत जिवंत!"

परवा ऑफिसच्या काचेवर आपटून एक शिंजीर खाली पडला. एवढासा जांभळा पक्षी, अगदी निपचित. सफाईवाल्याने झाडू पुढे केला. "खलास, भाई."

"खलास नहीं, रुको!" शेजारी ओरडला आणि पक्ष्याला ओंजळीत घेऊन सावलीत बसला. वर मीटिंग सुरू झाली होती. अर्बाबचा, म्हणजे आमच्या मालकाचा, फोन वाजत राहिला, शेजाऱ्याने उचलला नाही. त्याचे फक्त ओठ हलत होते. मलाही तिथून हलवेना.

अखेर ओंजळीत पंख थरथरले. पक्षी त्याच्या अंगठ्यावर चढला, शिटला आणि भुर्रकन उडाला.

शेजाऱ्याने हात पँटला पुसला. "एकपण प्रार्थना आठवेना रे. नुसतं प्लीज, प्लीज म्हणत होतो."

"मीपण," मी म्हणालो, आणि आम्ही दोघं मोठ्याने हसलो.