आतल्या खोलीतला दिवा

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. मी ड्राफ्ट्समन. ९८ साली राहुरीत, स्टँडमागच्या एका गाळ्यात घरांचे प्लॅन काढून द्यायचो. तेव्हा नवीनच थ्रीडी शिकलो होतो... घर बांधायच्या आधीच स्क्रीनवर आतून हिंडून बघायचं. लोक तोंडात बोटं घालायचे.

पहिलं घर थोरल्या बहिणीचं केलं. अक्का आणि दाजी एका दुपारी बघायला आले. हॉलमध्ये मी खिडकीतून खोटं ऊन पाडलं होतं – दाजी एकदम खूश! आतल्या खोलीत मात्र लाईट टाकायचाच राहिला होता. लाईट नसला की कॉम्प्युटर सगळं काळंकुट्ट दाखवतो. तिथे खाट ठेवली होती, तीसुद्धा दिसत नव्हती.

अक्का म्हणाली, "हितं भुईवर दिवा कुनी ठिवला?"

"कुठाय दिवा?"

"ह्यो काय, खाटंच्या पायाशी. भितीवर सावल्या बघ की केवढाल्या." तिने काचेवर बोटाने दोन तिरक्या रेघा ओढल्या. खाटेचं मी तिला सांगितलंही नव्हतं.

"मला तर काय बी दिसंना," दाजी हसले.

अक्काचा चेहरा उतरला होता. "ही खोली नगं. काढून टाक."

आमच्याकडे माणूस जिथं वारतो, तिथं दहा दिवस जमिनीवर दिवा ठेवतात. ती ते बोलली नाही, पण मला कळलं. तरी मी शहाणपणा केला. "अक्का, स्क्रीनवर डोळा फसतो. जरा फिकं-गडद दिसलं की मन आपोआप दिवा शोधतं." खरं तर तिथे फिकं-गडद काहीच नव्हतं. सगळं सारखंच काळं होतं.

खोली बांधली. राहायला गेल्यावर दोन महिन्यांत दाजी त्याच खोलीत, खाटेवर, झोपेतच गेले. हार्ट अटॅक. संध्याकाळी तिथे दिवा ठेवला, तर भिंतीवर खाटेच्या पायांच्या दोन तिरक्या सावल्या... अक्काने ओढल्या होत्या तशाच. मी बाहेर येऊन ढसाढसा रडलो.

महिन्याने अक्का एकटीच गाळ्यावर आली. "त्ये घर दाव." मी फाईल उघडली. आतल्या खोलीपाशी ती बराच वेळ बघत राहिली.

"मला आता अंधारच दिसतुया. तुला दिसतंय का रं काय?"

"न्हाई, अक्का."

खोटं बोललो. खाटेच्या पायाशी दिवा जळत होता. ती गेल्यावर फाईल कितीदा तरी तपासली – त्या खोलीत एकही लाईट नाही. हे कसं, ते आजवर कळलेलं नाही. तो दिवा मला त्या दुपारी दिसला असता, तर मी खोली काढली असती असं स्वतःला सांगतो. खरंच काढली असती का, ते मात्र सांगता येत नाही.