लांब चिठ्ठीवाला गठ्ठा

शशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी शीळफाट्याला शिडीवर होतो. एका ढाब्याचं 'स्वागत' रंगवत होतो. मालकानं खालून हाक मारली, "पेंटर, तुमचा फोन, कोण वहिनी आहेत." खाली उतरलो, ऐकलं, परत वर चढलो आणि 'स्वा'च्या पुढे सरळ 'त' काढून मोकळा झालो. आठ दिवस तो ढाबा गिऱ्हाइकांना 'स्वात' बोलत होता... त्याला आता महिना झाला. रडू कमी येतंय, वैताग जास्त. या माणसानं मला एकदा तरी धुवायला पाहिजे होता. न धुताच गेला.

शशीची कोपरीत जिन्याखाली कॉमिक्सची लायब्ररी होती. जागा एवढीशी, की आतल्यानं श्वास घेतला तर दाराशी उभ्या असलेल्यानं सोडायचा. तिचा बोर्ड मी रंगवलेला. लोक बोलायचे, काय वळणदार अक्षर! अहो, मला ती चित्रं होती. शाळेत मी दोन वर्षं गेलेलो, त्यातलं दीड वर्ष वर्गाच्या बाहेर. कागदावर कोणी लिहून दिलं की त्याच्यासारखं काढायचं, बस. पेंटरला वाचता येत नसेल अशी शंका कोणाला येणार? शशीलापण आली नाही.

तेव्हा पोरं वाघनख्याच्या मागे वेडी होती. हातात पोलादी नखं, तोंडाला पट्ट्यापट्ट्यांचा मुखवटा, झाडावरून उडी मारून चोराला धरणार. बोर्डावर तोच होता. मग व्हिडिओवर परदेशी पिक्चर आला, पाठीला चादर बांधून उडणाऱ्याचा, आणि पोरांनी वाघनख्याला टाकलाच. नुसती चादर, चादर! शशीनं मला बोलावलं.

"वाघनख्याला चादर लाव."

"अरे, तो झाडावर राहतो. चादर फांदीत अडकेल."

"अडकू दे. पोरं अडकली पाहिजेत."

लावली चादर. वाघनख्या धोब्याकडून पळून आल्यासारखा दिसायला लागला.

पुढे शशी लग्नाचं बोलायला दोन दिवस डोंबिवलीला गेला. चावी माझ्याकडे. कोपऱ्यात दोन गठ्ठे बांधलेले. "रद्दीवाला येईल, एक त्याला दे, दुसऱ्याला हात लावू नको. वर चिठ्ठ्या आहेत." मी बोललो, हो हो, बघतो ना. एका चिठ्ठीवर होतं 'द्यायचं', दुसरीवर 'द्यायचं नाही'. मला दिसली एक छोटी चिठ्ठी आणि एक लांब. आमच्या धंद्यात अक्षरावर भाव, जास्त अक्षरं म्हणजे मोठं काम. लांबवाला गठ्ठा उचलून दिला. वर रद्दीवाल्याला ताकीद दिली, "सांभाळून न्या हां, महत्त्वाचं आहे."

तो वाघनख्या होता. पहिल्या अंकापासून सगळा, शशीनं चौथीपासून जमवलेला. कोणी मागत नव्हतं तरी तो त्यानं जपलेला. राहिला तो चादरवाल्याच्या फाटक्या अंकांचा गठ्ठा.

शशी आला, कोपऱ्यात बघितलं, उरलेली चिठ्ठी काढून माझ्यासमोर धरली.

"वाच."

"उजेड नाही रे."

"दुपारचे बारा वाजलेत."

"चष्मा विसरलो."

"तुला चष्मा नाही. वाच."

मी चिठ्ठी उलटी करून बघितली, तेवढ्यावरनं त्याला कळलं. "कधीपासून?" त्यानं विचारलं. "जन्मापासून," मी बोललो. रद्दीवाल्याकडे धावलो दोघं, गठ्ठा पुढे गेलेला. शशी शिवी देईल म्हणून मी मान खाली घालून उभा. त्यानं दोन चहा सांगितले. सांगा, अशा माणसाचं काय करायचं?

आणि नशीब बघा. वर्षभरात टीव्हीवर दर रविवारी वाघनख्याची मालिका सुरू झाली. चादरवाल्याचा दुसरा पिक्चर आपटला, चादर जमिनीवर. जिन्याखाली पोरांची रांग, "काका, वाघनख्या द्या ना!" शशी शांतपणे सांगायचा, "उंदरांनी खाल्ला रे." उंदीर बाजूलाच स्टुलावर बसलेला असायचा, हातात ब्रश घेऊन. एकदाही माझं नाव घेतलं नाही त्यानं. पोरं दुसऱ्या लायब्ररीत गेली, आमचा जिना बंद झाला आणि शशी मानपाड्याला कंपनीत लागला.

पण सुट्टीच्या दिवशी मला डोंबिवलीला घरी बोलवायचा. चादरवाल्याचा फाटका अंक मांडीवर, आणि चित्रावर त्याचा पंजा. "तू चित्र बघून ठोकतोस. आधी अक्षर वाच." 'धडाम' मी 'घड्याळ' वाचलं. तो बोलला, "बॉम्ब फुटलाय तिथं, वेळ कसली बघतोस?" कित्येकदा माफी मागायला तोंड उघडलं, "शशी, तो गठ्ठा..." की लगेच, "पुढची ओळ." दोन वर्षांत मी वाचायला लागलो, माफी तशीच. एवढा राग यायचा त्याचा!

परवा डोंबिवलीला त्याच्या घरी गेलेलो. वहिनींनी पेपरात द्यायचा श्रद्धांजलीचा मजकूर समोर ठेवला, वर शशीचा फोटो. "भाऊजी, छापायच्या आधी एकदा वाचा. चूक नको." मी वाचायला घेतलं. कैलासवासी. जोडाक्षर नाही, तरी दोनदा अडखळलो. मग नाव, मग गाव, मग सगळ्यांची नावं. चूक नव्हती.

"फोटो का झाकलाय?" वहिनींनी विचारलं.

बघतो तर माझा पंजा त्याच्या तोंडावर. मी बोललो, "वाचतोय अजून." पुढे ओळ नव्हती. तरी हात तिथंच ठेवला.