चेटकिणीचा मंत्र

मी शाळांचे गणवेश शिवतो. तेच पांढरे सदरे, त्याच निळ्या चड्ड्या. वर्षानुवर्षं फक्त मुलं बदलतात. अंगापिंडाने मी असा की मापाची टेप स्वतःच्या छातीभोवती धरली तर अर्धी टेप उरते. जिना चढलो की धाप लागते. हे सगळं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी हवेत उडणार आहे.

दुकानाच्या मागच्या गल्लीत तेव्हा एक व्हिडिओघर होतं. पत्र्याचं छप्पर, बाकडी आणि एक टीव्ही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी तिथे. कुंग फूचे जुने, भरमसाट सिनेमे लागायचे. भुवया जमिनीपर्यंत लोंबणारे म्हातारे गुरू, आणि त्या भुवयांनीच ते शत्रूचा गळा आवळायचे. खलनायकाचं मुंडकं उडालं तरी ते हवेत फिरत हसत राहायचं. बासरी वाजवली की डोंगर फुटायचा. मुठीचा आवाज गोधडी झटकल्यासारखा यायचा, तोही मूठ लागायच्या आधीच. बोलणं संपलं तरी तोंड हलत राहायचं. छातीत तलवार घुसलेला माणूस आपल्या घराण्याचा सगळा इतिहास सांगून मगच मरायचा. आणि हे सगळं चालू असताना त्या सिनेमात कुणी म्हणजे कुणी हसत नसे. मला तेच आवडायचं. दोरी दिसत होती, मिशी सुटत होती, पण माणूस मनापासून उडत होता. मी दिवसभर चड्ड्यांना नाडी घालणारा माणूस. मला आणखी काय हवं होतं?

घरी बायको मला ‘महागुरू’ म्हणायची. "महागुरू, दळण आणा." "महागुरू, हवेतून येताना दूध घेऊन या." मी डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायचो आणि खोकल्याची उबळ यायची. ती पाठीवर थोपटायची आणि हसायचीही.

माझा एक मित्र लग्नांची शूटिंग करायचा. त्याला आम्ही डायरेक्टर म्हणायचो, म्हणजे तोच आम्हाला तसं म्हणायला लावायचा. त्याने नवा कॉम्प्युटर घेतला होता. लग्नाच्या सीडीत तो उधळलेली फुलं उलटी फिरवून पाहुण्यांच्या हातात परत आणायचा आणि त्याच्या मते ही कला होती. एकदा तो म्हणाला, "फुलं उडतात, तर तू का उडणार नाहीस?" एवढ्यावर आमचा सिनेमा ठरला. नाव ‘सात ढगांचा सूड’. ढग एकही नव्हता.

मी अर्थातच महागुरू. इस्त्रीवाला खलनायक झाला, कारण त्याच्याकडे वाफ होती. पोशाख मीच शिवले. झगा शिवायला पांढरं कापड हवं होतं म्हणून घरातली नवी कोरी चादर घेतली. त्यावरून बायकोने मला आधीच दोनदा झापलं होतं. कापसाच्या भुवया, कापसाची दाढी, आणि कानावरून खाली येणारा लोकरीचा टोप. फ्रेम कमरेच्या वरच ठेवायची असं ठरलं, कारण खाली आमच्या रोजच्या पँटी होत्या.

आता उडीचं तंत्र समजावून सांगतो. भिंतीवर चढून उभं राहायचं आणि पाठमोरी उडी खाली मारायची. मग डायरेक्टर ते चित्र उलटं चालवणार, म्हणजे बघणाऱ्याला वाटणार की गुरू जमिनीवरून भिंतीवर झेपावला. आमच्या घरासमोरची भिंत निवडली. मी शिडी लावून वर गेलो, घराकडे पाठ केली, डोळे मिटले आणि प्राण एकवटायला लागलो. पाय लटलटत होते, पण भुवया शांत होत्या. तेवढ्यात मागे घराचं दार उघडलं आणि बायकोचा आवाज आला. टोपातून शब्द काही कळले नाहीत. चादर, दुसरं काय, असं म्हणून मी स्वतःला खाली सोडलं.

कॉम्प्युटरवर बघितलं तर बायको चित्रात आलेली. नुकते धुतलेले केस मोकळे, कमरेत वाकलेली. डायरेक्टरने चित्र सरळ न बघताच उलटं केलं होतं. त्यात मी खालून सुसाट वर आलो आणि लगेच ती वाकून, काहीतरी अगम्य पुटपुटत, मागच्या मागे दारात शिरली. दार आपोआप बंद झालं. आवाजही उलटा झाला होता. "यीलपोझ," अशी सुरुवात, आणि पुढे असं काही की अंगावर काटा यावा.

"पुन्हा घेऊ," डायरेक्टर म्हणाला.

मी पुन्हा उडी मारणार नव्हतो. एकदा मारली हीच चूक झाली होती. मग मीच सुचवलं, "ही चेटकीण आहे. गुरूला बघून मंत्र म्हणत माघार घेते."

डायरेक्टरने मला मिठी मारली. अशी होती आमची पटकथा.

सिनेमा दाखवला तेव्हा माझ्या उडीला लोक पोट धरून हसले, पण चेटकिणीला शांत बसले. टाळ्या तिलाच पडल्या. आळीतली पोरं महिनाभर एकमेकांवर हात रोखून "यीलपोझ" म्हणत फिरत होती. बायको पदर तोंडाला लावून हसायची. "काय म्हणाली होतीस गं?" असं मी तिला एकदाही विचारलं नाही. मला माहीतच होतं ना, चादर!

पुढच्याच वर्षी ती गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेली आणि परत आणली नाही. आमची मुलगी तेव्हा जेमतेम पावलं टाकायला लागली होती. माझी बहीण आमच्याकडे राहायला आली, तिने पोरीला वाढवलं, तीच तिला ‘बेबी’ म्हणायची, मग सगळेच म्हणायला लागलो. आमच्या लग्नात फोटो काढले होते, व्हिडिओ नव्हता. बायकोचे फोटो पुष्कळ आहेत. हलणारी, बोलणारी ती फक्त ‘सात ढगांचा सूड’मध्ये आहे, तीही उलटी. बेबी तो मंत्र म्हणतच मोठी झाली. अंघोळीला नको म्हणायची तेव्हा मोरीच्या दारात हात पुढे करून मंत्र टाकायची आणि मी धाडकन पडायचो. तेवढा अभिनय मला चांगला जमायचा.

आता तिला स्वतःला बाळ झालंय. मागच्या रविवारी ती बाळाला घेऊन, नवऱ्याबरोबर आली. जेवणं झाल्यावर म्हणाली, "बाबा, ती सीडी कुठे आहे? मला आईचा आवाज सरळ ऐकायचाय. हा करून देतो म्हणालाय."

जावई कॉम्प्युटर उघडून बसलाच होता. "सोपं आहे, बाबा. तेवढा तुकडा पुन्हा उलटा केला की झालं."

खरंच सोपं होतं. उलट्याचं उलटं म्हणजे सरळ, एवढं शिंप्याला कळायला हवं. मी कपडे उलटे करून शिवतो आणि सुलटे करून देतो. पण इतक्या वर्षांत मला ते सुचलं नव्हतं, आणि आता सुचलेलं आवडेना. पोरीला आयुष्यात आईचं एकच वाक्य ऐकायला मिळणार, आणि ते काय, तर ‘माझी चादर फाडली’! मला भीती वाटली. मी म्हटलं, सीडी सापडत नाही. बहिणीने कपाटातून काढून दिली. मी म्हटलं, चहा घेऊ आधी. चहा झाला. मी म्हटलं, बाळ उठेल.

"बाबा," बेबी म्हणाली, "बस जरा."

"ती रागावलेली आहे बरं का त्यात," मी म्हटलं. "माझ्यावर. तू मनाला लावून घेऊ नकोस. एरवी ती अशी नव्हती."

"रागावू दे. मला चालेल."

जावयाने बटण दाबलं. भिंतीवर मी, भुवयांसकट, डोळे मिटलेला. मागे दार उघडलं. केस मोकळे सोडलेली बायको बाहेर आली, सरळ चालत, आमच्याकडे. वाकून काहीतरी जड ओढत होती. ते फ्रेमच्या खाली होतं, पण मला एकदम कळलं. त्या दिवशी मी पडलो तो गादीवर पडलो होतो. ती डायरेक्टरने टाकली असेल असं मी समजत होतो. डायरेक्टर कॅमेऱ्यातून फक्त माझ्या भुवयांकडे बघत होता, तो बहुतेक मी टाकली असं समजत होता. गादी आली कुठून हे उडणाऱ्या माणसाला विचारावंसं वाटलं नाही.

आणि तिचा आवाज आला. थोडा खरखरीत, दम लागलेला, हसू दाबलेला. रागाचा त्यात लवलेश नव्हता.

"अहो महागुरू, थांबा! गादी सरकवते आधी. हां, मारा आता. पण हळू पडा बाई, माझी ठकूबाई आत्ताच झोपलीय."

मी खाली गेलो. चित्र संपलं.

 मग बेबीने माझ्याकडे बघितलं. "ठकूबाई कोण?"

सिनेमातल्या एकूण एक गुरूंची नावं मला आजही पाठ आहेत. कुणाचा तळहात विषारी होता, कुणाची बासरी हाडाची होती, झोपेतून उठवलं तरी सांगेन. आणि हे नाव मी साफ विसरलो होतो. दिवसातून कितीदा तरी ती ते घ्यायची, पाळण्यावर वाकून, अंगाला तेल लावताना, उगीचच. ती गेल्यावर घरात ते कुणी घेतलं नाही, आणि माझ्या डोक्यातून ते निघून गेलं.

"तू," मी म्हटलं. "तुला म्हणायची ती."

 जावयाने न विचारताच तुकडा पुन्हा लावला. दार उघडलं, ती आली, गादी ओढली, बोलली. बेबी मांडीवरच्या बाळाला घट्ट धरून पुढे सरकली, अगदी पडद्याजवळ. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा तिने त्या नावाशी मान वर केली आणि हळूच म्हणाली, "ओ, आई."