बांबूचं इंजिन

चहा ओता, पण मी सांगतोय तोवर कप खाली ठेवा. नाहीतर हसताना अंगावर सांडेल आणि दोष मला द्याल. आता काय सांगू तुम्हाला, मी गणिताचा मास्तर. सावली गावच्या शाळेत पंधरा वर्षं पोरांना मापन शिकवतोय. आणि माझाच पोपट व्हावा, तोही मापात!

तर गोष्ट आमच्या म्हातारीची. म्हातारी म्हणजे आमची अँबेसडर. बाबांनी ती घेतली तेव्हा गावात दुसरी चारचाकी नव्हती. अर्ध्या गावाच्या सुना या गाडीतून आल्या. अर्ध्या गावाची लेकरं हिच्यातून दवाखान्यात पोचली. एक तर पोचायच्या आधीच मागच्या सीटवर जन्मलं, ते आज ग्रामपंचायतीचं मेंबर आहे.

दर महाशिवरात्रीला बाबा या गाडीतून मार्कंड्याच्या जत्रेला, महादेवाच्या दर्शनाला जातात. एकही साल चुकलं नव्हतं. मागच्या साली मात्र वैनगंगेच्या पुलाच्या अलीकडे म्हातारी थांबली. जरा वेळ विसावा दिला की चालू, चार-पाच किलोमीटर गेलं की पुन्हा बंद. शेवटी ट्रॅक्टरला दोर बांधून घरी आणली. बाबा सगळा रस्ता स्टिअरिंग धरून बसले होते. घरी उतरल्यावर एवढंच म्हणाले, "जाऊ दे. तिचंबी झालं, माहंबी झालं."

मी तिथल्या तिथे शब्द दिला. "बाबा, पुढच्या शिवरात्रीला गाडीत नवं इंजिन आणि तुम्ही मार्कंड्यात!"

मग मी दोनशे पानी वही घेतली. वहीवर लिहिलं, 'इंजिन-बदल: नियोजन'. आरटीओच्या परवानगीचा अर्जसुद्धा दोन प्रतींत लिहून ठेवला. एवढी तयारी तर मी स्वतःच्या लग्नाचीही केली नव्हती.

चंद्रपूरला एका भंगारवाल्याकडे इंजिन सापडलं. मागून चेपलेल्या एका नव्या गाडीचं, पण पुढून ठणठणीत. आमचे मेकॅनिक सलीमभाई म्हणाले, "सर, आनाच्या आंधी बसते का नाई ते पाहून घ्या. पुठ्ठ्याचा नमुना करा, गाडीत ठेवा. बसला तं इंजन आनू."

पुठ्ठा? झाडीपट्टीत राहून पुठ्ठा? आमच्याकडे पाळण्यापासून तिरडीपर्यंत सगळं बांबूचं. मी टेप घेऊन चंद्रपूर गाठलं. इंजिनाची लांबी, रुंदी, उंची, कुठे काय किती बाहेर आलंय, सगळं मिलिमीटरमध्ये उतरवलं. घरी परतल्यावर मी वहीत मान घालून आकृती काढत होतो तेव्हा बाबा शेजारी येऊन म्हणाले, "अरे, मी काय म्हनतो, त्या टाकीच्या झाकनाचं..."

"बाबा, थांबा! दशांश चुकेल माझा."

बाबा थांबले. बिचारे नेहमीच थांबतात.

आकृती घेऊन गेलो महादूभाऊंकडे. टोपल्या आणि सुपं विणण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नाही. त्यांनी आकृती आडवी पाहिली, उभी पाहिली.

"सर, याच्यात ठेवाचं का हाय?"

"काही नाही."

"मंग कायले पायजे?"

"इंजिनाच्या जागी ठेवायचंय."

महादूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या बायकोकडे पाहिलं. "चाललंय ना बरोबर शाळेत?" असं त्या माउलीने मला फार मायेने विचारलं.

पण माणूस कामाचा पक्का! आठ दिवसांत इंजिन तयार. ताज्या हिरव्या बांबूच्या कामट्या, कडेला लग्नाच्या टोपलीला असते तशी लाल-पिवळी नक्षी, आणि वर चक्क धरायला कडी.

"महादूभाऊ, इंजिनाला कडी कुठे असते?"

"नसन. पन उचलाले कायतरी लागते का नाई?"

ते डोक्यावर घेऊन मी गावातून निघालो. तळ्यावर मासे धरणारे ढीवर म्हणाले, "सर, याच्यात मच्छी घुसन, पन निंगन कशी?" किराणा दुकानातले म्हणाले, सरांकडे पाळणा हलणार. माझं वय सत्तेचाळीस आहे हो!

इकडे सलीमभाईंनी अंगणातल्या मोहाच्या झाडाला चेन-कप्पी लावून जुनं इंजिन बाहेर काढलं, ओसरीवर ठेवलं आणि ते मूल गावाला निघून गेले. बॉनेटखालची जागा मोकळी. मी एकटा. हातात बांबूचं इंजिन.

तुम्ही म्हणाल, मोकळ्या जागेचं माप घेतलं होतं का? कशाला घ्यायचं? नमुना केला तो त्याचसाठी ना!

ठेवलं. जरासं अडलं. अगदी जरासं. मी इकडून दाबलं, तिकडून दाबलं. शेवटी गुडघा लावला आणि श्रीमार्कंडेश्वराचं नाव घेतलं. करकर आवाज झाला आणि बसलं की हो! बॉनेटसुद्धा लागलं. मी अंगणात एकटाच नाचलो. सलीमभाईंना फोन लावला.

"बसला का सर?"

"बसला? अहो, जन्मापासून तिथेच असल्यासारखा बसला!"

"मंग आनू इंजन?"

"आणा!"

परीक्षेला पोरांना मी काय सांगतो? उत्तर पडताळून पाहा. असो.

इंजिन यायला तीन आठवडे लागले. तोवर मी बॉनेट उघडंच ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायला नको का? रोज कोणीतरी यायचं, मी वही उघडून समजावून सांगायचो. बाबा मात्र ओसरीवर बसून जुनं इंजिन फडक्याने पुसत राहायचे. ते झालं की गाडी पुसायचे, पुढून मागपर्यंत. मला वाटायचं, म्हातारीला निरोप देतायत. मला भरून यायचं, पण मी नियोजनात होतो.

शिवरात्रीला दोन आठवडे उरले आणि सलीमभाई पिकअपमध्ये इंजिन घेऊन दारात हजर. अर्धं गाव गोळा झालं. सलीमभाई वाकले आणि तसेच मागे उडाले.

"अरे बापा! सर, इंजन चोच मारते!"

बांबूच्या इंजिनात आमची लाल कोंबडी बसली होती. पोटाखाली अकरा अंडी. आठवडाभर ती कुठे बसायला जाते म्हणून आई घरभर शोधत होती, तर ही सिलिंडरच्या जागी!

मी हात घालणार एवढ्यात आई ओरडली, "खबरदार! बसलेल्या कोंबडीले उठवाचं नाई! आनखी दोन हप्ते लागतेत."

"आई, दोन आठवड्यांनी शिवरात्र आहे!"

"मंग शिवरात्र तिले सांग."

शेवटी आईनेच मार्ग काढला. पुढे झाली, महादूभाऊंच्या कडीत हात घातला आणि कोंबडीसकट अख्खं इंजिन अलगद वर उचललं. कोंबडीने मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. आणि गाडीबाहेर येताक्षणी ते बांबूचं इंजिन, करकरकर करत, दोन्ही बाजूंनी फुगलं. चांगलं दोन बोटं.



सलीमभाईंनी फुगलेल्या इंजिनाकडे पाहिलं. गाडीच्या पोटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "सर, हे आत असतानी लहान होतं का?"

"जरासं... दाबलं होतं."

"कशानं?"

"गुडघ्याने."

सलीमभाई फार शांत माणूस. त्यांनी पिकअपवरच्या लोखंडी इंजिनावर थाप मारली. "मंग याले बी लावा सर गुडघा."

हिरवा बांबू वाकतो, दबतो, सोडला की पुन्हा फुलतो, हे आमच्याकडे चौथीच्या पोराला ठाऊक आहे. ठाऊक नव्हतं ते फक्त मापन शिकवणाऱ्याला!

तरी कप्पी लावून पाहिली. पुढे रेडिएटरला अडलं, बाजूला स्टिअरिंगला अडलं. सलीमभाई म्हणाले, पत्रा कापावा लागेल. मी बाबांकडे पाहिलं. त्यांचा हात गाडीच्या मडगार्डवर होता, लहान लेकराच्या पाठीवर असावा तसा. "कापू नोका," एवढंच ते म्हणाले.

माझा चेहरा पाहवेना कोणाला. वर्षभराची वही पाण्यात. बाबांना दिलेला शब्दही पाण्यात. मी ओसरीवर बसकण मारली. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. बाबा हळूच शेजारी येऊन बसले.

"अरे, मी काय म्हनत होतो..."

या वेळी मी ऐकलं. दशांश संपले होते.

"टाकीच्या झाकनाले बारीक भोक असते, हवा जाले. कुंभारमाशीनं तिथं माती लिपली होती. हवा नाई, तं पेट्रोल उतरन कसं? चालन अन् बंद होइन. जरा थांबलं का मंग चालन. गाडी पुसतानी दिसलं मले."

"मग?"

"मंग का? तुह्या इंजनाची एक कामटी पडली होती. टोकरलं तिनं, माती निंगाली."

म्हणजे बघा! ज्या आजारासाठी मी काळीज बदलायला निघालो होतो, तो नुसता नाक चोंदल्याचा होता.

सलीमभाईंनी दोन दिवसांत जुनं इंजिन जागेवर बसवलं. नवं आलं तसं परत गेलं. शिवरात्रीच्या पहाटे आईने कोंबडीची पिल्लं मोजली, नऊ निघाली होती, आणि मगच ती गाडीत बसली. गाडी मी चालवली, बाबा पुढे. वैनगंगेचा पूल आला तेव्हा मी श्वास रोखला. म्हातारी एकदाही खोकलली नाही. पूल ओलांडल्यावर बाबांनी डॅशबोर्डवर दोनदा थोपटलं आणि बाहेर बघत राहिले.

मार्कंड्याच्या जत्रेत दर्शन झालं. बाहेर येतो तर बांबूच्या दुकानांच्या ओळीत महादूभाऊ बसलेले, आणि त्यांच्यासमोर ओळीने सहा इंजिनं! लाल-पिवळी नक्षी, वर कडी.

"या सर, या!" महादूभाऊ गिऱ्हाइकाला मोठ्याने सांगू लागले, "हेच ते सर! यायनंच माप काढलं. कोंबडी बसवाले याच्यावानी चीज नाई. सकारपासून दहा गेले."

मी कुठे तोंड लपवू ते शोधत होतो, तर बाबा चक्क खाली बसले. एकेक इंजिन उचलून निरखू लागले. आईने डोळ्यांनीच होकार दिला.

"एक दे महादू," बाबा म्हणाले. "पन याच्याहून दोन बोटं लहान असन तं पाहा."

"काऊन जी? हे बराबर मापाचं हाय ना!"

बाबांनी अंगठ्याने माझ्याकडे खूण केली. "गाडीतून न्याचं हाय बापा. अन् आता माह्या मास्तरच्या गुडघ्यात जोर नाई राह्यला."