हॉर्न नसलेली गाडी

माझ्या वडिलांनी, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, एकतीस वर्षं शहर बस चालवली. निवृत्तीनंतरही स्वतःची जुनी चारचाकी घेऊन ते आठवड्यातून एकदा सासवडपर्यंत जाऊन यायचे, काही काम नसताना. गेल्या वर्षी दोनदा बसल्या जागी त्यांची शुद्ध हरपली. डॉक्टरांनी औषधं लिहून दिली आणि मान वर न करताच सांगितलं, "आता गाडी चालवायची नाही."

घरी येताच अण्णांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "विकून टाक. दारात उभी दिसली की जीव तुटतो."

मी कोथरूडला राहते, रविवारी बिबवेवाडीला त्यांच्याकडे जाते. ते गॅलरीत बसलेले असत. समोरच्या वळणावर बस आली की त्यांचा उजवा पाय फरशी दाबायचा. त्यांच्या ते लक्षात येत नव्हतं. मला मात्र बघवेना. म्हणून एका रविवारी मी माझा हातात धरून खेळायचा गेम नेला. त्यात मोटारींच्या शर्यती होत्या, आणि गाड्या अगदी खऱ्यासारख्या चालतात अशी त्याची ख्याती होती.

"हे पोरांचं हाय," अण्णा म्हणाले. तरी चष्मा लावला.

पहिल्या शर्यतीत ते शेवटचे आले. मागून गाडी आली की बाजूला व्हायचे. "त्याला घाई हाय, जाऊ दे की." मी हसले आणि गेम त्यांच्याकडेच ठेवून आले. पुढच्या रविवारी गेले तर अण्णांना प्रत्येक वळण पाठ झालेलं. मी चहा टाकला आणि ते गंभीरपणे, जणू वर्कशॉपमध्ये नवी बस तपासायला आली आहे अशा थाटात, सांगू लागले.

"ब्रेक मारला की नाक खाली जातं बघ. वजन पुढं येतं. ज्यानं हे बनवलं त्यानं गाडी चालवलेली हाय. ओल्या रस्त्यावर टायर सुटतो, तेपण बरोबर. डोळे मिटून नुसत्या आवाजावर गिअर टाकता येतो."

"म्हणजे आवडला?"

"कुठं? अंगठ्याएवढ्या दांडीवर स्टेअरिंग असतं का? पडदा हा एवढासा, वळण दिसेपर्यंत अंगावर येतं. एवढ्या वेगात वळलो तरी पोटात काही होत नाही. आणि हॉर्न कुठंय? हॉर्न नाही ती कसली गाडी!"

तेवढ्यात त्यांची गाडी कठड्यावर आदळली. मी एक बटण दाबून दाखवलं. गाडी उलटी सरकत अपघाताच्या आधीच्या जागी जाऊन उभी राहिली, अख्खी. अण्णांनी गेम मांडीवर ठेवला.

"हे मागं जायचं बंद करता येतं का?"

"का हो अण्णा?"

"नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक बाई उतरत होत्या. घंटी वाजली म्हणून मी गाडी सोडली. त्यांचा पाय मोडला. दोन महिने ड्युटी सुटली की त्यांच्या घरी जायचो. त्या कधी रागावल्या नाहीत, चहा द्यायच्या. पण रिटायर होईपर्यंत तो थांबा आला की मी दोनदा आरशात बघायचो."

त्यांनी हे मला कधीच सांगितलं नव्हतं. मी ती सोय बंद करून दिली.

थंडीत एका सकाळी मी त्यांना माझ्या गाडीतून दिवे घाटात नेलं. चढ संपल्यावर मोकळ्या माळाला लागून गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "अण्णा, बसता का इकडे? जरा वेळ?"

आम्ही जागा बदलल्या. त्यांनी सीट मागे सरकवली, आरसा स्वतःच्या उंचीला लावला, दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले. किल्ली तिथेच होती. शेजारून ट्रक गेले की आमची गाडी हलायची. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्या मागच्या सीटवर बसून अख्खी फेरी मारायची, तेव्हा दिसणारी ती मान, तो ताठा, सगळं तसंच होतं. त्यांनी मला शेवटचं कुठे आणि कधी नेलं, ते आठवायचा मी प्रयत्न केला. आठवलं नाही. शेवटचं आहे हे ठाऊक असतं तर मी खिडकीबाहेर बघत बसले नसते.

"फिरवू का किल्ली?" मी विचारलं. डॉक्टर, घरचे, सगळं मी त्या क्षणी विसरले होते.

अण्णांनी हात खाली घेतले. "नको गं. समोरून येणाऱ्याला काय ठाऊक, आत कोण बसलाय ते." मग दार उघडून ते उतरले, गाडीला वळसा घालून डावीकडे आले. मी उतरून पुन्हा स्टेअरिंगमागे गेले, तसे ते बसले आणि त्यांनी पट्टा लावला.

"चल," ते म्हणाले. "तिसऱ्यात ठेव. उतार हाय."