बाबा बरा शे

खांडबाऱ्याच्या बाजारात आमच्या चर्चमधला एक जण भेटला की मी विचारायचो, “घरवाली कशी शे?” तो खाली बघून म्हणायचा, “बाबा बरा शे.”

हा बाबा त्याचा बाप नव्हे. त्याची बायको परदेशात एका म्हाताऱ्याची सेवा करायची आणि तिचा व्हिसा त्या म्हाताऱ्यापुरताच होता. म्हातारा गेला की हिनं परतायचं. इकडे मुलीचं नर्सिंगचं शिक्षण त्याच कमाईवर चाललेलं. त्यामुळे बाबाची खबर हीच घराची खबर.

दर रविवारी चर्चमध्ये तो उभा राहायचा आणि शाळेतल्यासारख्या शुद्ध मराठीत एकच मागणं मागायचा, “प्रभू, बाबांना दीर्घायुष्य दे.” कधी न पाहिलेल्या त्या माणसासाठी सगळी मंडळी आमेन म्हणायची. मीही म्हणायचो, पण मनात खटकायचं. ही माया की गरज, ते मला ठरवता येत नसे.

गेल्या महिन्यात बाबानं अन्न सोडलं. तो सारखा विव्हळतो, असं बायकोनं फोनवर सांगितलं होतं. त्या रविवारी हा उठला आणि त्यानं पुढचा बाक धरला.

“प्रभू,” तो म्हणाला, “बाबांना आता सोडव.”

आमेन म्हणायला आम्हालाच वेळ लागला.

परवा तो बाजारात दिसला. बाबा गेल्याचं माझ्या कानावर आलं होतं, तरी सवयीनं तोंडातून गेलंच, “घरवाली कशी शे?”

“बाबा...” म्हणून तो थांबला. मग पहिल्यांदाच त्यानं तिचं सांगितलं.

“रडी ऱ्हायनी.” रडतेय ती.